अकरा सेकंदांची मोकळी जागा

त्या खोलीत कुणी असेल हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. दिवा बंद, पडदे ओढलेले, दार नुसतं लोटलेलं. नोकरीचा दुसराच दिवस होता, आणि सकाळी लेकीचं कपाळ किंचित कोमट लागल्यापासून तिचा अर्धा जीव घरीच राहिला होता. उरलेल्या अर्ध्या जिवाने तिने चाचपडत खुर्ची शोधली, मालिकेचा भाग लावला आणि वही उघडली.

पडद्यावर टेलरचं दुकान. टेलर मान खाली घालून पायमशीन चालवतोय. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरीणबाई जिना उतरून येतात, दारात उभ्या राहतात. हातात फाटक्या अस्तराचा कोट. मशीन थांबतं. बाई उभ्याच. टेलर बघतोय... कापडाकडे.

"अरे, बघ ना!" ती पडद्याला म्हणाली. "एकदा तरी वर बघ, दगडा! एवढा जिना उतरून ती काय अस्तरासाठी आलीय?"

आणि तिला रडूच आलं. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"बघत नाहीये का तो?" कोपऱ्यातून आवाज आला.

तिच्या हातातलं पेन उडालं. "क — कोण आहे?"

"घाबरू नका. मी इथल्या फर्निचरपैकीच आहे. पेन तुमच्या डाव्या पायाकडे घरंगळलंय, खुर्चीच्या चाकापाशी. आणि नाक पुसायला कागद टेबलाच्या वरच्या खणात."

"अंधारात काय बसलाय तुम्ही?"

"मी कुठेही बसलो तरी अंधारातच बसतो," तो हसत म्हणाला. तेव्हा कुठे तिला त्याच्या मांडीवरची पांढरी काठी दिसली. "दिवा लावायचं लोक विसरतात, मी मनाला लावून घेत नाही. पण सांगा ना — बघतो का तो तिच्याकडे?"

त्याचा चेहरा तिच्या बाजूला थोडा कललेला होता. तिशी ओलांडलेला, दाढी नीट केलेला, आणि ओठांच्या कोपऱ्यात एक हसू तयार ठेवलेलं. उत्तर चांगलं आलं तर उमलायचं, नाहीतर मिटून टाकायचं, असं.

पडद्यावर टेलरची मान अजून खालीच होती.

"बघतो," ती म्हणाली. "आत्ताच... वर बघितलं त्याने."

"असं?" हसू उमललं. "कसं बघितलं?"

"...सावकाश."

ही पहिली थाप.

काम तसं साधं होतं. ज्यांना दिसत नाही अशा प्रेक्षकांसाठी मालिकांचं दृश्यवर्णन लिहायचं. दोन संवादांच्या मधे ज्या मोकळ्या जागा असतात, तीन सेकंदांच्या, पाच सेकंदांच्या, त्यांत मावेल एवढंच एक वाक्य. 'ती दार उघडते.' 'तो पत्र खिशात ठेवतो.' मग एक निवेदिका ते वाचायची आणि ते मालिकेच्या आवाजात बसवलं जायचं. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर ऑफिसच्या प्रमुख मॅडमनी एक कागद चिकटवला होता: दिसतं ते लिहा, वाटतं ते नको.

आणि तो होता पहिला श्रोता. प्रत्येक भाग लोकांपर्यंत जाण्याआधी त्याच्या कानाखालून जायचा. सातव्या वर्षी त्याचे डोळे गेले होते. कुठलं वाक्य संवादावर चढलं, कुठे खोलीत तीन माणसं असून दोघांचीच नोंद झाली, सगळं तो बिनचूक पकडायचा. ऑफिसात सगळे त्याला कानसेन म्हणत. तो तिला त्या पहिल्या भेटीपासून लेखिकाबाई म्हणू लागला.

"लेखिकाबाई, टेलरने आज काय घातलंय?"

"राखाडी स्वेटर."

"परत? आणि हा लोकांचे कपडे शिवतो!"

"कोपराला ठिगळ आहे. त्याने स्वतःच लावलेलं दिसतंय. फार सुरेख लावलंय."

"तुम्ही काय घातलंय?"

"ते वर्णनात येत नाही."

"मोकळी जागा आहे की. पाच सेकंदांची तरी."

"निळं," ती म्हणायची आणि झटकन पडद्याकडे वळायची. आपले कान तापलेत हे त्याला दिसणार नाही, याचं तिला बरंही वाटायचं आणि वाईटही.

दोन वर्षं अशी गेली. मालिका रेंगाळतच चालली होती. टेलर आणि मास्तरीणबाई एकमेकांना काहीच बोलत नव्हते, आणि हे दोघं मात्र तासन्‌तास त्या दोघांविषयीच बोलत होते. छत्री घ्यायला बाई परत आल्या, त्या खरंच छत्रीसाठी आल्या का? टेलरने मापं घेतलेली जुनी वही जपून का ठेवली? स्वतःबद्दल बोलायचं नसलं की माणसं दुसऱ्यांबद्दल किती मनापासून बोलतात!

एकदा ती धावतपळत त्याच्या खोलीत आली, धापा टाकत.

"गाठ मारली नाही त्याने!"

"कुणी? कुठे?"

"टेलरने! बाईंच्या कोटाचं बटण लावलं ना मागच्या आठवड्यात... मी तिसऱ्यांदा बघितलं. टाके घातले, दोरा ओढला, आणि गाठ न मारताच कापला. टेलर आहे तो! विसरेल का?"

तो सावरून बसला. मग हळूच टाळी वाजवावी तसे त्याने दोन्ही हात जुळवले. "म्हणजे बटण परत तुटणार."

"आणि बाई परत येणार."

"लबाड आहे हो हा! आणि मी त्याला दगड समजत होतो."

"तुम्ही नाही, मी म्हटलं होतं दगड."

"आठवतंय की तुम्हाला."

तिने ते वर्णनात घातलं. 'गाठ न मारता तो दोरा कापतो.' वर्णन कसं असावं याचा नमुना म्हणून मॅडमनी ते सगळ्यांना ऐकवलं.

त्याच वर्षी थंडीत त्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण लोंबू लागलं. "द्या इकडे," ती म्हणाली, आणि पर्समधला सुई-दोरा काढून त्याच्या शेजारी बसली. लहान मूल असलेल्या बाईच्या पर्समध्ये काय नसतं! कोट त्याच्या अंगातच होता. एवढ्या जवळून साबणाचा वास येत होता, आणि बाहेर पत्र्यावर पावसाची एक चुकार सर टपटपत होती. तो श्वास बेताने घेत होता... तीही.

"झालं."

त्याने बोटाच्या पेराने बटणाची मागची बाजू चाचपली. बोट तिथे जरा जास्तच रेंगाळलं.

"गाठ मारलीत?"

"म — मारली की."

"हं," तो म्हणाला.  पण दिवसभर खोलीतून त्याच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता.

घरी तिची आई होती, पाच वर्षांची चिंगी होती, आणि रविवारी सकाळी दहा वाजता फोनमध्ये चिंगीचा बाबा असायचा. तो लांबच्या एका शहरात पुलाच्या कामावर होता. अडीच वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा भांडण असं झालंच नाही. भांडायलाही समोर बघावं लागतं. तो वाईट नव्हता, हे ती विचारलं-न विचारलं तरी सगळ्यांना सांगायची. आवाज चढवला नाही, खर्चाला हात आखडला नाही. फक्त बोलताना तो आधी ताटाकडे बघायचा, मग बातम्यांकडे, आणि शेवटी शेवटी भरून ठेवलेल्या बॅगेकडे. जाताना "चल येतो" म्हणाला, तेही दाराच्या कडीला.

रविवारी तो फोन कशाला तरी टेकवून ठेवायचा आणि बाजूच्या दुसऱ्या स्क्रीनवर काहीतरी करत बोलायचा. चिंगी कविता म्हणायची, पडलेला दात दाखवायची. मग मधेच तोंडावर हात धरून, कुजबुजत विचारायची, "आई, बाबा बघतोय का माझ्याकडे?"

"बघतोय की. तुझ्याकडेच बघतोय."

खरं म्हणजे ही नोकरी ती पगार सुरू व्हायच्या आधीपासूनच करत होती.

म्हणूनच असेल, टेलरच्या दुकानात बाई आल्या की तिचा हात तिला न विचारता लिहून जायचा. 'तो तिच्याकडे बघतो.' 'त्याची नजर तिच्या हातांवर थांबते.' 'ती वळल्यावर तो मान वर करतो.' पडद्यावर यातलं काही नसायचं. कधीतरी नजर ओझरती वळली असेल, आपल्यालाच दिसली नसेल, अशी ती स्वतःची समजूत घालायची. मॅडम निवडक भाग पडताळून बघायच्या, बाकीच्यांसाठी कानसेनचा शब्द पुरायचा. आणि कानसेन प्रत्येक वेळी ऐकायचा, क्षणभर थांबायचा आणि म्हणायचा, "चालेल. पुढे जाऊ द्या."

मालिका संपत आली तेव्हा एक पत्र आलं. मॅडमनी ते कौतुकाने मोठ्याने वाचलं. कुणी एक आजी होत्या, दृष्टी गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या. कुणाकडून तरी त्यांनी लिहवून घेतलं होतं: 'टेलर तिच्याकडे बघतो, असं तुमची बाई म्हणते ना, तेव्हा मी हातातलं काम ठेवून देते. माझ्याकडे असं कुणी बघितलं नाही. पण असंही बघतात, हे कळल्यावर बरं वाटतं. एवढं बघणारा माणूस शेवटी विचारेल ना तिला?'

"बघा, किती पोचतंय आपलं काम!" मॅडम म्हणाल्या.

तिने मात्र मान खाली घातली. कारण शेवटचा भाग सकाळीच तिच्याकडे आला होता, आणि तिने तो पाहिला होता.

टेलर दुकान बंद करून कायमचा गावी जातो. आवरून झालंय, एवढ्यात बाई येतात, कोट पुढे करतात. बटण तुटलंय. तो शेवटचं बटण लावतो, यावेळी गाठ मारतो. मग अर्धं राहिलेलं कुणाचं तरी कापड पुरं करायला मशीनवर बसतो. बाई दारात थांबतात. तो बघत नाही. त्या जिना चढून जातात. तो बघत नाही. पेटी उचलून रस्त्याला लागतो... वळूनसुद्धा बघत नाही. इथे थाप मारायला कसलाच वाव नव्हता. आणि खरं लिहावं, तर आधीचं सगळं खोटं पडणार होतं.

तिने जुने भाग काढून मोजलं. अडतीस नजरा. अडतीसच्या अडतीस तिच्या.

दुपारी ती कानसेनच्या खोलीत गेली आणि दिवा न लावताच उभी राहिली.

"बसा. काय झालं? श्वास जिना चढल्यासारखा येतोय."

"तो बघत नाही तिच्याकडे," ती एका दमात म्हणाली. "कधीच नाही बघितलं. पहिल्या दिवशीसुद्धा नाही. मीच... मीच घातलं ते सगळं."

"मला माहीत आहे."

"काय?"

"माणूस वर बघून बोलतो तेव्हा आवाज समोर येतो. टेलरचा सगळा आवाज कापडात मुरायचा. पहिल्या दिवसापासून."

"मग अडवलं का नाहीत मला? 'चालेल, चालेल' काय म्हणत होतात? लोक तुमच्या भरवशावर ऐकतात!"

"हो. ती माझी चूक आहे आणि ती मी मॅडमना सांगणार आहे." त्याने काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "पण मला बघायचं होतं... म्हणजे ऐकायचं होतं... की टेलर बघत नाहीये, तर मग बघतंय कोण?"

ती खुर्चीत बसली. 

"तुमची चूक मात्र वेगळीच आहे," तो जरा वेळाने, समजावणीच्या सुरात म्हणाला. "नजरा घातल्यात ती नव्हे. त्या कुठे घातल्यात, ती. कुठलाही भाग लावा. तुमचं वर्णन काढून टाका, आणि डोळे मिटा."

तिने भाग लावला. डोळे मिटले.

खडखड, खडखड, खडखड. पायमशीन चालू आहे. जिन्यावर पावलं. चपला दाराशी थांबतात. आणि मशीन थांबतं. शांत. मग टेलरचा आवाज, "या."

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"चार सेकंद."

"आता पोस्टमन येतो तो भाग लावा."

खडखड, खडखड. पोस्टमन आला, बोलला, पत्र टाकून गेला. मशीन थांबलंच नाही.

"घरमालक?"

खडखड, खडखड.

"परत बाई."

पावलं... आणि शांत. सहा सेकंद. पुढच्या भागात सात. शेवटच्या भागात तिने मनातल्या मनात मोजलं. अकरा.

"तो बघत नाही, लेखिकाबाई. त्याला बघायची हिंमत नाही. पण ती आली की त्याचे पाय थांबतात. दोन वर्षं ही बाई वरच्या मजल्यावरून रोज ते मशीन ऐकते. कधी थांबतं, कुणासाठी थांबतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असेल? तिला कुठे नजर हवी होती?"

तिने डोळे उघडले नाहीत. बंद पापण्यांखाली तिला तिची अडतीस वाक्यं एकेक करून दिसत होती. चार सेकंद, सहा सेकंद, सात सेकंद. कुठलंही वर्णन मोकळ्या जागेत बसवायचं असतं, आणि मशीन थांबल्यावरच तर मोकळी जागा व्हायची.

"मी त्या शांततेवरच बोलत राहिले," ती म्हणाली. "नेमकं त्याच्यावर."

"प्रत्येक वेळी."

तिने डोळे उघडून भाग बंद केला. मग त्याने घसा खाकरला.

"या मजल्यावर आणखी एक मशीन आहे. तुमचा कीबोर्ड. मॅडम आल्या तरी चालू असतो. चहा आला तरी चालू असतो. आग लागल्याची तालीम झाली तेव्हासुद्धा तुम्ही वाक्य पुरं करून उठलात." तो हसला, पण ते हसू कडेपर्यंत पोचलं नाही. "मी दारात आलो की मात्र..."

ती काही बोलली नाही. बोलली असती तर तिचा आवाज समोर आला असता.

"मला गावच्या वाचनालयातून पत्र आलंय. ब्रेलमधली पुस्तकं आवाजात वाचून ठेवायचं काम आहे. वडील तिकडे एकटेच आहेत. शुक्रवारपर्यंत कळवायचंय." तो थांबला. "मी तुम्हाला काही विचारत नाहीये. तुमच्या घरचं मला ठाऊक आहे. पण मशीन थांबतंय असं मला नीट कळलं... तर मी इथेच राहीन. वाट बघणं मला चांगलं जमतं. आणि तेवढं एकच बघणं जमतं."

नेहमीसारखाच विनोद केला होता त्याने. ती हसली नाही, तोही हसला नाही.

रविवारची गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

रविवारी चिंगीचा बाबा म्हणाला होता, "या आता दोघी. दोन खोल्या घेतल्यात. शाळा समोरच आहे. माझं... माझंही चुकलं असेल." आणि एकदम त्याने मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं होतं. दोन सेकंद. तो खरंच आपल्याकडे बघत होता, की फोनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघत होता, हे तिला ओळखता आलं नाही. तिला! जिचा धंदाच बघण्याचा!

चिंगीने त्याच दुपारी आपली बॅग भरली. दात घासायचा ब्रश, एक मोजा, पडलेला दात कागदात गुंडाळून.

"तुला जायचंय का?" तिच्या आईने भांडी पुसता पुसता विचारलं होतं.

"चिंगीला जायचंय."

"मी तुला विचारलं."

"आई, ती रात्री झोपताना त्याच्यासाठी उशीवर जागा ठेवते गं."

आईने फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. पुन्हा विचारलं नाही.

मंगळवारी, त्या दुपारनंतर, ती घरी आली तेव्हा चिंगी बॅगेवरच बसून होती. "आई, फोनमध्ये बाबा माझ्या डोक्यावरून बघतो. तिथे गेल्यावर नीट बघेल ना?"

तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. दिसतं ते लिहा. वाटतं ते नको.

"बघेल," ती म्हणाली. "बघणारच."

ती एकोणचाळिसावी थाप. ही खरी होईपर्यंत तिला तिथे, बाप-लेकीच्या मधे, उभं राहावं लागणार होतं, दुसरं कोण राहणार? आणि इथे आपण थांबलो असं नुसतं कळलं, तर एक माणूस वडिलांना एकटं ठेवून, हाती आलेलं चांगलं काम सोडून, आयुष्यभर एका जिन्याखाली बसून राहील. त्याने तसं म्हटलंच होतं. तो म्हणेल तसं करणाऱ्यांतला होता.

बुधवारी तो मॅडमशी बोलला. तीही बोलली. मॅडम बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. अडतीस वाक्यं काढून टाकायची असं ठरलं. आजींना तिने स्वतः पत्र लिहिलं. त्यात खरं ते सांगितलं, आणि खाली लिहिलं: 'पुन्हा ऐकाल तेव्हा बाई दुकानात आल्यावर मशीनकडे कान द्या.'

गुरुवारी शेवटचा भाग गेला. तिच्या कागदावर त्या जागेपुढे काहीच नव्हतं.

"इथे अकरा सेकंद मोकळे आहेत," निवेदिका म्हणाली. "राहून गेलं का?"

"नाही. तिथे दिसण्यासारखं काही नाही."

शुक्रवारी सकाळी कानसेनने तो भाग ऐकला. दार बंद करून, एकट्याने. अर्ध्या तासाने मॅडमना सांगितलं, चालेल. एवढंच.

आणि दुपारी तीनच्या सुमारास मजल्यावर काठीची टकटक ऐकू आली. त्याच्या खोलीपासून तिच्या दारापर्यंत एकोणीस पावलं होती. ती रोज मोजायची.

तिने दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि टाइप करायला सुरुवात केली.

टकटक दारात थांबली.

ती टाइप करत राहिली.

"लेखिकाबाई."

"या ना," ती म्हणाली. बोटं चालूच. "जरा घाईत आहे हो. एवढं संपवते."

तो दारातच उभा राहिला. कोट घातला होता. वरून दुसऱ्या बटणाच्या जागी नुसते दोन दोरे होते. त्याने मूठ पुढे केली, उघडली. तळहातावर ते बटण.

"तुटलं," तो म्हणाला. "गाठ मारली होतीत, तरी तुटलं."

त्याचे ओठ त्या पहिल्या दिवसासारखेच होते. कोपऱ्यात हसू तयार ठेवलेलं. उत्तराची वाट बघणारं.

तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर होती. अडतीस नजरांत जे काही नव्हतं ते सगळं तिच्या डोळ्यांत होतं, आणि ते बघणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं. बोटं कीबोर्डवर पडत होती, एका लयीत, न चुकता. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, पण तिने ना ते पुसलं, ना नाक ओढलं. त्याचा आवाज झाला असता.

"गावाला... कुणी ना कुणी लावून देईल," ती म्हणाली. "पक्कं."

तो ऐकत होता. तिचं बोलणं नव्हे. ते तो कधीच ऐकत नसे. कान किंचित कलता ठेवून तो तिची बोटं ऐकत होता. एक क्षण... दोन... पाच... ती थांबली नाहीत.

"छान चालतंय मशीन," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"चिंगीला सांगा, कानसेनकाकाने पापा दिलाय."

"सांगते."

त्याने चाचपडत टेबलाची कड शोधली आणि बटण तिथे ठेवलं. मग तो वळला. ती टाइप करत होती. टकटक मजल्याच्या टोकाला गेली. ती टाइप करत होती. जिन्याची पहिली पायरी, दुसरी, पाचवी. पडद्यावर ओळींवर ओळी चढत होत्या, नुसती अक्षरं, अर्थ नसलेली, पानंच्या पानं. काठी पहिलं वळण उतरली. दुसरं उतरली. आता नाही ऐकू जाणार. आता नक्कीच नाही...

तिची बोटं थांबली.

आणि खाली, जिन्यात, काठी थांबली.

सगळी इमारत गप्प होती. पंख्याचा आवाज नाही, कुणाची हाक नाही. ती श्वास रोखून बसली होती, हात कीबोर्डपासून बोटभर वर तसेच. एक सेकंद. दोन. तो तळमजल्याच्या वळणावर असणार, कठड्याला हात लावून, मान थोडी कललेली. चार. सहा. तिने हाक मारली नाही. बोटं पुन्हा खाली टेकवली असती, तर अजूनही ते खोटं खरं झालं असतं. तिने ती टेकवली नाहीत. आठ. नऊ. दहा.

अकरा.

मग, जायला सांगितलंय हेही ऐकल्यासारखी, काठी पुढे निघाली. हळूहळू उतरली, दाराबाहेर पडली, रस्त्याच्या आवाजात मिसळून गेली.

ती उठली नाही, खिडकीशी गेली नाही. टेबलाच्या कडेवरचं बटण मात्र तिने उचललं आणि मुठीत घट्ट धरून ठेवलं, हातात ऊब येईपर्यंत.